हिमप्रदेशातील मोटार आणि तिची निगा

वैशाखाच्या तोंडावर, दिवसभर तापलेल्या या मैदानात बसून बर्फातल्या मोटारीची हकीकत ऐकावयास मी आपणांस बोलावले आहे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत उमेदीची सगळी वर्षे घालविलेल्या माणसाने पगार, बोनस, भविष्यनिर्वाह निधी यांविषयी बोलावे. फिनलंड आणि कॅनडा येथील मोटारींच्या निगेशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. म्हणून हा संबंध काय तो आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण एका गॅरेजात झाले आणि त्याच्या पुढचे संघटनेच्या कचेरीत, रात्री पुस्तके लावून. 2009 सालच्या नोव्हेंबरात आमच्या संघटनेतला एक ट्रकड्रायव्हर, सातारा जिल्ह्यातला, माल घेऊन लेहकडे निघाला. जोझी ला ओलांडून द्रासला त्याने रात्रीचा मुक्काम केला. सकाळी पाहतो तो इंजिनचा ब्लॉक तडकलेला. आदल्या उन्हाळ्यात रेडिएटर गळत होता, तेव्हा मालकाच्या सांगण्यावरून त्यात नळाचे साधे पाणी भरत राहिले होते. ते पाणी रात्री गोठले आणि त्याने ओतीव लोखंड फोडले. मालकाने ड्रायव्हरला निष्काळजी ठरविले, नुकसानभरपाई म्हणून त्याचा पगार अडविला आणि दरमहा कापून घेण्याचा लेखी हुकूम दिला.

तंटा आमच्याकडे आला तेव्हा मी गाडीबरोबर मिळालेले इंग्रजी पुस्तक मागवून घेतले. शब्दकोश जवळ घेऊन दोन रात्री ते वाचले. त्यात निगेचे एक कोष्टक होते आणि कोष्टकात एक ओळ होती: थंड प्रदेशात गाडी नेण्यापूर्वी रेडिएटरमधील मिश्रणाचे प्रमाण तपासावे. ती ओळ वाचून दाखविली तेव्हा ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “भाऊ, हे पुस्तक मालकाच्या कपाटात होतं. मला कुणी दाखवलं असतं तर मी पाणी घालून निघालो असतो का?” त्याच प्रश्नावर आम्ही चार महिने भांडलो. शेवटी कपात रद्द झाली आणि अडलेला पगार मिळाला. पण ती ओळ माझ्या डोक्यातून गेली नाही. ती प्रथम कोणी लिहिली असेल? कशावरून लिहिली असेल? या शोधात मी जे वाचले त्याचे सार आज आपणांपुढे ठेवीत आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. मोटार हाकणाऱ्याला फ्रेंच भाषेत शोफर म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडेही मोठ्या घरांतून रूढ झाला. त्याचा मूळ अर्थ ‘तापवणारा’ असा आहे. वाफेच्या यंत्राच्या भट्टीत कोळसा घालणारा तो शोफर. कार्ल बेंझने 1886 साली पेट्रोलच्या गाडीचे पेटंट घेतले, वाफ मागे पडली, तरी नाव टिकले. थंड मुलखापुरते तर ते अगदी खरे राहिले. तेथे गाडी हाकणे ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे गाडी तापविणे.

पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत हिमप्रदेशातल्या मोटारमालकांनी या कटकटीवर एक सोपा तोडगा काढला होता. हिवाळा आला की गाडी वापरावयाचीच नाही. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात शरद ऋतू संपला की मोटार कोठीत नेत, रेडिएटरमधले पाणी सोडून देत, बॅटरी असल्यास ती काढून घरात ठेवीत आणि चाकांवरचा भार काढण्यासाठी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवीत. पुढचे चार-पाच महिने घोड्याची घसरगाडी चाले. रस्त्यावरचे बर्फ काढण्याची पद्धतही तेव्हा सार्वत्रिक नव्हती. उलट घसरगाड्यांना सोयीचे व्हावे म्हणून लाकडी रूळ फिरवून बर्फ दाबून घट्ट करीत. म्हणजे निगेचे पहिले वेळापत्रक दोनच ओळींचे होते: हिवाळ्यापूर्वी गाडी झोपवा, वसंतात उठवा.

परंतु ही चैन हौशी मालकाची. डॉक्टर, टपालवाला, दूध पोहोचविणारा, आग विझविणारा यांना चार महिने थांबता येत नाही. मोटार जसजशी चैनीची वस्तू न राहता धंद्याची वस्तू झाली, तसतशी ती हिवाळ्यातही चालली पाहिजे अशी गरज निर्माण झाली, आणि त्या गरजेचा पहिला भार पडला तो माणसाच्या दंडावर.

जुन्या गाड्यांना हँडल मारावे लागे हे आमच्या पिढीच्या लोकांस ठाऊक आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात ॲम्बॅसॅडरच्या डिकीत हँडल असे. आमच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या फिटरचे उजवे मनगट वाकडे बसले होते. तरुणपणी हँडल उलटे फिरून ते मोडले होते. हा प्रकार जगभर इतका नेहमीचा होता की मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला वैद्यकशास्त्रात ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असे नावच पडले. ते नाव आजही अस्थिरोगाच्या पुस्तकांत आहे. मालकाच्या नावाने पुतळे होतात, चौक होतात. कामगाराच्या नावाने एक मोडलेले हाड झाले, याची नोंद आपण घ्यावी.

थंडीत हे काम दुप्पट कठीण होई. इंजिनातले तेल गारठून काकवीसारखे घट्ट होते आणि दट्ट्या हलता हलत नाही. 1908 साली बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत इंजिन आणि गिअर यांचे तेल एकच असे. तेल घट्ट झाले की गिअर सोडलेला असूनही चाके इंजिनाला चिकटल्यासारखी राहत. त्यामुळे थंडीच्या सकाळी मागचे एक चाक जॅकवर उचलून मगच हँडल मारण्याची रीत पडली. ती न पाळली तर इंजिन सुरू होताक्षणी गाडी पुढे सरके आणि समोर उभ्या असलेल्या माणसालाच भिंतीशी दाबी. जॅक लावण्याची ही रीत म्हणजे अनुभवातून आलेला निगेचा नियमच होय.

1911 साली अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो बसविला गेला. मॉडेल टीला तो 1919 पासून मिळू लागला. दंडावरचा भार उतरला, पण तो नाहीसा झाला नाही. तो बॅटरीवर गेला. शिशाच्या आणि गंधकाम्लाच्या बॅटरीचा स्वभाव असा की थंडीत तिची ताकद ओसरते. उणे 18 अंश सेल्सिअसला ती नेहमीच्या सुमारे निम्म्यावर येते, आणि नेमकी त्याच वेळी घट्ट तेलामुळे इंजिन फिरवावयास अधिक ताकद लागते. दुसरी गोष्ट अशी की पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे 50 अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही, पण बॅटरी उतरलेली असेल तर ते जवळजवळ पाण्यासारखे होते आणि उणे 10 अंशांच्या आसपास गोठून पेटी फोडते. म्हणून हिवाळ्यापूर्वी बॅटरीतल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व काचेच्या नळीने मोजावे, टोके घासून स्वच्छ करावीत, पट्ट्याचा ताण पाहावा, या ओळी कोष्टकात शिरल्या. पुढे 1950 नंतरच्या दशकात अमेरिकी मोटारी 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर गेल्या. मोठी इंजिने फिरविण्यास अधिक जोर हवा होता, आणि थंडीच्या सकाळीही त्याचा लाभ झाला.

आता पाण्याकडे वळू. कारण आमच्या ड्रायव्हरचा तंटा पाण्याचाच होता. बहुतेक पदार्थ थंडीने आक्रसतात. पाणी मात्र गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते. बंद जागेत ते फुगले की लोखंडही त्याला आवरू शकत नाही. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने वाटीसारख्या गोल टिकल्या बसविलेल्या असतात. पाणी गोठले तर त्या उडून ब्लॉक वाचावा म्हणून त्या आहेत, असे पुष्कळ मेकॅनिक सांगतात, आणि मीही अनेक वर्षे तसेच समजत होतो. वास्तविक ओतकामातली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके बुजविण्याकरिता त्या असतात. कधी त्या उडतात आणि ब्लॉक वाचतो. कधी त्या जागच्या जागी राहतात आणि ब्लॉकच फुटतो. त्यांच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

पहिला उपाय म्हणजे रोज रात्री पाणी सोडून देणे आणि सकाळी गरम पाणी भरणे. याचा अर्थ काय होतो तो पाहा. गाडी थांबल्यानंतर अर्धा तास आणि निघण्यापूर्वी तासभर हे काम चालणार. मैलांच्या हिशेबात ते कोठेच दिसत नाही. दुसरा उपाय पाण्यात काहीतरी मिसळण्याचा. मद्यार्क घातला तर पाणी लवकर गोठत नाही, पण इंजिन तापले की तो उडून जातो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. ग्लिसरीन वापरून पाहिले, ते महाग आणि दाट. क्षार घातले, त्यांनी धातू खाल्ला. इथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकातच तयार केला होता. पण मोटारीसाठी तो ‘प्रेस्टोन’ या नावाने बाजारात आला तो 1927 साली. तो उकळून उडून जात नाही. अर्धे ग्लायकॉल व अर्धे पाणी असे मिश्रण केले तर ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही.

येथे एक मौज आहे आणि धोकाही. नुसते ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपास गोठते. म्हणजे दोन्ही पदार्थ एकएकटे लवकर गोठतात आणि एकत्र आले की टिकतात. यावरून संघटनेचा दृष्टांत देण्याचा मोह मला होतो, पण तो आवरतो. व्यवहारातला धडा एवढाच की ‘जास्त घातले म्हणजे जास्त चांगले’ हे खरे नाही; प्रमाण मोजले पाहिजे. शिवाय ग्लायकॉल चवीला गोड आणि जालीम विष आहे. जमिनीवर सांडलेले चाटून कुत्री मरतात. ते बाटलीत उघडे ठेवू नये, हाही नियम कोणाच्या तरी घरच्या दुःखातूनच आलेला असणार.

तेलाची कथा अशीच. कॅनडाच्या उत्तर भागात छोटी विमाने चालविणारे वैमानिक आणि त्यांचे मेकॅनिक मुक्कामावर उतरले की प्रथम इंजिनातले तेल डब्यात काढून घेत. तो डबा रात्रभर चुलीजवळ ठेवीत. पहाटे इंजिनाभोवती ताडपत्रीचा तंबू करीत, त्यात स्टोव्ह पेटवून ते तापवीत आणि मग गरम तेल ओतीत. रस्त्यावरच्या मोटारीसाठी उन्हाळ्याचे दाट तेल आणि हिवाळ्याचे पातळ तेल असे दोन प्रकार ठरले, आणि शरद ऋतूत तेल बदलणे हा वार्षिक विधी झाला. तेलाच्या डब्यावर ‘10 डब्ल्यू’ असे लिहिलेले आपण पाहतो. त्यातला डब्ल्यू म्हणजे इंग्रजी विंटर, हिवाळा. पुढे 1950 नंतरच्या दशकात दोन्ही ऋतूंत चालणारे ‘10 डब्ल्यू 30’ यासारखे तेल मोटारमालकांच्या हाती आले आणि तो विधी सुटला. आपल्या कोकणात किंवा विदर्भात गाडी चालवणारासुद्धा आज त्या हिवाळ्याचा डब्ल्यू इंजिनात घालतो. त्याला त्याचा अर्थ माहीत नसतो इतकेच.

आता मी अशा एका हिवाळ्याकडे येतो की ज्यात गाडीची निगा हा पैशाचा प्रश्न राहिला नव्हता, तो भाकरीचा प्रश्न झाला होता. 8 सप्टेंबर 1941 रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राड शहराचा जमिनीवरचा वेढा पुरा केला. 20 नोव्हेंबरपासून शहरातल्या बहुसंख्य नागरिकांचा पावाचा शिधा दिवसाला 125 ग्रॅमवर आला, आणि त्या पावातही भुसा व भेसळ होती. एकच वाट उरली होती, ती म्हणजे लडोगा सरोवर. ते गोठण्याची शहर वाट पाहत होते. प्रथम घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, कारण बर्फ अजून पातळ होते. 22 नोव्हेंबरला पहिला मोटारींचा ताफा निघाला.

या मोटारी म्हणजे गॅझ-एए जातीचे ट्रक. फोर्डच्या परवान्यावर गोर्की शहरात बनलेले हे ट्रक दीड टन माल वाहत, म्हणून लोक त्यांना ‘पोलुतोर्का’, म्हणजे ‘दिडकी’ म्हणत. बर्फ फुटले तर उडी मारता यावी म्हणून ड्रायव्हर दरवाजा उघडा ठेवून किंवा काढून टाकून गाडी चालवीत. उणे तीस अंशांतल्या वाऱ्यात उघड्या दरवाज्याने! झोप लागू नये म्हणून डोक्यामागे भांडी टांगीत. ती खडखडत राहत. दिवसाला दोन खेपा हे त्यांचे घोषवाक्य होते. वरून विमानांचा मारा चाले तो वेगळाच.

त्यातही निगेचे शास्त्र होते. बर्फावरून जड गाडी गेली की बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला तर बर्फ हेलकावे खाऊन फुटते. म्हणून मागे हलक्या गेलेल्या गाडीखाली न फुटलेले बर्फ पुढच्या गाडीखाली फुटे आणि ड्रायव्हरांना कारण उमगत नसे. लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बर्फाचा झोक नोंदविणारे उपकरण बनवून बर्फावर मांडले, आणि ताशी 35 किलोमीटरच्या आसपासचा वेग विशेष घातक असल्याचे काढले. त्यावरून वेगाचे आणि दोन गाड्यांतल्या अंतराचे नियम ठरले. 24 एप्रिल 1942 पर्यंत, बर्फावर पाणी साचले तरी, हा रस्ता चालला. त्या एका हिवाळ्यात सुमारे 3 लाख 61 हजार टन माल शहराच्या दिशेने गेला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर काढली गेली. त्या रस्त्याला ‘जीवनाचा मार्ग’ असे नाव मिळाले. इतिहासकार सेनापतींची नावे सांगतात, सांगोत. पण पाणी गोठू न देणारा, पाना धरून बोटांची कातडी लोखंडाला चिकटवून घेणारा मेकॅनिक नसता तर तो रस्ता एक आठवडाही चालला नसता.

युद्धानंतर सुबत्ता आली आणि थंडीवरचे उपायही घरगुती झाले. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स येथे अँड्र्यू फ्रीमन नावाचा माणूस ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होता. त्याने इंजिनाच्या हेडमधला एक बोल्ट पोकळ करून त्यात विजेची तापणारी तार बसविली. रात्री प्लग लावून ठेवावा आणि सकाळी इंजिन कोमट मिळावे, अशी युक्ती. 1949 साली त्याला पेटंट मिळाले. आज कॅनडाच्या सपाट प्रांतांत, अलास्कात, फिनलंडमध्ये मोटारी उभ्या करण्याच्या जागी विजेचे खांब दिसतात. गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. आपल्याकडे बैल खुंट्याला बांधतात तशी ती गाडी रात्रभर विजेला बांधलेली असते.

दुसरे महत्त्वाचे काम टायरचे. फिनलंडमधल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने 1934 साली मालमोटारींसाठी बर्फात धरून चालणारा खोल नक्षीचा टायर काढला आणि 1936 साली साध्या मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ नावाचा. थंडीत साधे रबर लाकडासारखे कडक होते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहावे अशी त्याची घडण असते. पुढे 1960 नंतर टायरात टंगस्टन कार्बाइडच्या खिळ्या बसविण्याची पद्धत पसरली. त्यांनी बर्फ पकडले, पण बर्फ नसेल तेथे रस्ता खरवडला. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत त्या धुळीने लोकांचे श्वास कोंडले. नागरिकांनी चळवळ केली आणि 1990 साली तेथे खिळ्यांच्या टायरांविरुद्ध कायदा झाला. निगेचा प्रत्येक उपाय गाडीला हितकर म्हणून माणसाला हितकर असतोच असे नाही, हे यावरून दिसते.

हीच गोष्ट मिठाची. 1941-42 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यावर सर्रास मीठ टाकण्याचे धोरण प्रथम स्वीकारले, आणि युद्धानंतर ती रीत सगळीकडे पसरली. मिठाने बर्फ वितळते आणि अपघात टळतात, हे खरे. पण तेच खारे पाणी गाडीच्या पोटाखाली जाऊन पत्रा खाते, ब्रेकच्या नळ्या कुजविते. त्यामुळे हिवाळ्यात अधूनमधून आणि वसंतात तर निश्चितच गाडीचे पोट दाबाच्या पाण्याने धुणे ही नवी ओळ कोष्टकात आली. शिवाय थंडी फार वाढली की मिठाचाही इलाज चालत नाही.

काचेवरचा वायपर आपण क्षुल्लक समजतो. त्याची हकीकत मला विशेष प्रिय आहे. मेरी अँडरसन नावाची अलाबामा राज्यातली बाई न्यूयॉर्कला आली असता ट्राममधून जात होती. बाहेर गारांचा पाऊस होता आणि ट्रामचालकाला पुढचे दिसावे म्हणून काच उघडून थंडीचा मारा तोंडावर घ्यावा लागत होता. उतारूंपैकी इतरांनीही ते पाहिले असेल. तिने मात्र घरी जाऊन आतून दांड्याने फिरविता येईल असा पुसणीचा आराखडा काढला. 1903 साली तिला पेटंट मिळाले. त्यातून तिला पैसा मिळाला नाही. पण एका कामगाराचे कुडकुडणे कोणीतरी नीट पाहिले, म्हणून आज कोट्यवधी गाड्यांच्या काचा पुसल्या जातात.

असे एकेक करून जे कोष्टक तयार झाले, त्याला पुढे कायद्याचे बळ मिळाले. फिनलंडने 1978 साली हिवाळी टायर सक्तीचे केले. स्वीडनमध्ये 1999 च्या डिसेंबरापासून, रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर, 1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात ते सक्तीचे आहेत, आणि नक्षीची खोली निदान 3 मिलिमीटर असली पाहिजे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 2008 साली तशी सक्ती केली. आज त्या देशांतल्या सामान्य ड्रायव्हरचे वर्ष साधारण असे जाते. शरद ऋतूत बॅटरी तपासावयाची, ग्लायकॉलचे प्रमाण मोजावयाचे, वायपर आणि दिवे पाहावयाचे, काच धुण्याच्या टाकीत न गोठणारे पाणी भरावयाचे, टायर बदलावयाचे, दरवाज्यांच्या रबराला सिलिकॉन लावावयाचे, गाडीत फावडे, घोंगडी आणि विजेरी ठेवावयाची. हिवाळ्यात टायरची हवा वरचेवर पाहावयाची, कारण दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला ती साधारण एक पौंडाने उतरते. थंडीच्या मानाने तासाभरापासून दोन-तीन तासांपर्यंत इंजिन विजेवर तापवावयाचे. आणि बर्फात गाडी अडकली तर धुराची नळी मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय इंजिन चालू ठेवावयाचे नाही, कारण कोंडलेला धूर वास न येता माणूस मारतो. वसंतात गाडीचे पोट धुवावयाचे, गंज पाहावयाचा, टायर पुन्हा बदलावयाचे.

विजेच्या गाड्यांनी यातल्या काही ओळी पुसल्या आहेत. नॉर्वेसारख्या थंड देशात 2023 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी पाचांतल्या चारांहून अधिक विजेच्या होत्या. त्यांना इंजिनाचे तेल नाही. पण बॅटरीचा थंडीचा स्वभाव सुटलेला नाही. हिवाळ्यात एका भरणीत गाडी कमी अंतर जाते आणि निघण्यापूर्वी बॅटरी तापवून घेणे हिताचे असते. म्हणजे शोफर शब्दाचा मूळ अर्थ अजूनही शिल्लकच आहे.

आता घरी परत येऊ. आपल्या देशात या ज्ञानाची गरज हिमालयात आहे. 1960 साली सीमा सडक संघटना स्थापन झाली तेव्हापासून लडाखचे रस्ते राखणाऱ्यांत, लष्कराच्या गाड्या चालविणाऱ्यांत आणि माल नेणाऱ्यांत मराठी मुलूखातली माणसे आहेत. अति थंडीत डिझेलमध्ये मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहील असे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी आणले ते 2019 च्या नोव्हेंबरात. ते येईपर्यंत टाकीखाली आग पेटवून, किंवा डिझेलात रॉकेल मिसळून, आपल्या ड्रायव्हरांनी काम भागविले. टाकीखाली आग पेटविणे किती धोक्याचे आहे ते मी सांगावयास नको. पण ज्याला दुसरे काही दिले नाही, त्याने दुसरे काय करावे?

मित्रहो, या इतिहासातून मी तीन गोष्टी शिकलो. पहिली अशी की निगेचे कोष्टक कचेरीत बसून कोणी एकट्याने रचलेले नाही. वुर्त्झचे रसायन आणि केटरिंगची हुशारी त्यात आहे. पण मोडलेले मनगट, फुटलेला ब्लॉक, बर्फाखाली गेलेला ट्रक हेही त्यात आहेत. दुसरी अशी की निगा हे काम आहे आणि कामाला वेळ लागतो. पाणी मोजणे, हवा पाहणे, इंजिन तापविणे यांचा वेळ जो मालक पगारात धरीत नाही, तो ती निगा न करण्याचाच हुकूम देत असतो, आणि मग जबाबदारी मात्र ड्रायव्हरवर टाकतो. तिसरी गोष्ट सर्वांत साधी आहे. कोष्टक ज्याने पाळावयाचे त्याच्या भाषेत आणि त्याच्या हातात असले पाहिजे.

त्या तंट्यानंतर आमच्या संघटनेने थंड प्रदेशात जाणाऱ्या ड्रायव्हरांसाठी मराठीत एक चारपानी पत्रक छापले. मिश्रणाचे प्रमाण, बॅटरी, टायर, डिझेल, धूर, एवढेच त्यात आहे. भाषा ओबडधोबड आहे, कारण ती आम्हीच लिहिली. साताऱ्याचा तो ड्रायव्हर त्यानंतर अनेकदा लेहला जाऊन आला. दरवेळी निघण्यापूर्वी तो गॅरेजात येतो, रेडिएटरचे झाकण उघडतो, काचेची नळी आत बुडवून प्रमाण पाहतो आणि मालकाच्या वहीत आकडा लिहून त्याखाली मालकाची सही घेतो. ती सही घेण्याचे मात्र आमच्या पत्रकात नव्हते. ती ओळ त्याने स्वतः घातली आहे.